केसपेपरवर न येणारा आजार

मे महिना संपला की महाबळेश्वर रिकामे होते. वेण्णा तलावावरच्या होड्या काठाला लागतात, घोडेवाले घोडी घेऊन घाट उतरतात, हॉटेलमालक बऱ्याच कामगारांना ‘दिवाळीला या’ म्हणून घरी पाठवतात. मग पाऊस. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. हंगामात ज्यांच्या हातात रोजच्या रोज रोख पैसा खेळतो, त्या वेटर, टॅक्सीवाले, गाइड, माळीकाम करणाऱ्यांच्या हाताला या चार महिन्यांत काम नसते. हंगामात रात्री उशिरापर्यंतची ड्युटी, पाय दुखतात म्हणून घेतलेले दोन घोट आणि गिऱ्हाइकाने टेबलावर सोडलेली अर्धी बाटली. पावसाळ्यात गारठा, रिकामा वेळ आणि उधारी. पर्यटनाच्या गावात दारूची सवय कशी मुरते हे सांगायला संशोधकाची गरज नाही. दारू सुटायची वेळ आली की माणूस जातो कुठे, हे मात्र शोधावे लागते.

बहुतेक जण कुठेच जात नाहीत. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने देशभर केलेली पाहणी फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी सुमारे २ कोटी ९० लाख लोकांना दारूचे अवलंबित्व आहे, म्हणजे न प्यायल्यास ज्यांचे शरीर बंड करते असे ते लोक. अशा ३८ जणांपैकी एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक. कर्करोगाचे किंवा हृदयविकाराचे असे आकडे आले असते, तर विधिमंडळात गदारोळ झाला असता.

उरलेल्यांची गाठ सरकारी दवाखान्याशी पडत नाही असे नाही. पडते, पण वेगळ्या नावाने. ग्रामीण रुग्णालयात रात्री आणलेला एखादा पंचेचाळिशीचा माणूस डोळ्यांपुढे आणावा. सदरा घामाने भिजलेला, हातांना एवढा कंप की पाण्याचा ग्लास धरवत नाही, भिंतीवर किडे दिसतात म्हणून तो पाय आखडून बसलेला. बायको सांगते, ‘मालकांना दोन रात्री झोप न्हाई. पहाटे फिट आली.’ प्यायले होते का, असे डॉक्टर विचारतात. ती जवळजवळ अभिमानाने म्हणते, ‘न्हाई सायेब, तीन दिस झालं सोडलीया. माळ घातली.’ नेमके तिथेच सगळे निदान असते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम दारू थांबवली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, गोंधळ आणि ताप अशी अवस्था येऊ शकते, तिला वैद्यकात ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. वेळेवर औषध मिळाले नाही तर या अवस्थेत माणूस दगावतो. केसपेपरवर मात्र ‘फिट’ लिहिले जाते आणि १०८ची रुग्णवाहिका साताऱ्याकडे निघते. महाबळेश्वर ते सातारा पन्नासहून अधिक किलोमीटर, मध्ये घाट. २२-२३ जुलै २०२१ला इथे चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि घाटरस्ते जागोजागी खचले. तशा आठवड्यात रेफर करायचे म्हटले तरी कुठे?

वास्तविक या माणसाला लागणारी औषधे दुर्मीळ नाहीत. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम, थायामिनची इंजेक्शने, वेळोवेळी तपासलेली नाडी आणि रक्तदाब. सलाइनमधून नुसते ग्लुकोज चढवण्याआधी थायामिन द्यायचे, कारण ते न मिळाल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ही माहिती एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आहे, औषधे स्वस्त आहेत. त्रास सौम्य असेल तर रोज दवाखान्यात बोलावून, घरी राहूनही हा पहिला आठवडा पार पाडता येतो. अशा रुग्णाला आपल्याच दवाखान्यात ठेवून घेण्याची सवय आणि धिटाई मात्र तिथे कमी पडते.

माळ घालणे ही गोष्ट सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कृष्णाकाठी वारकरी संप्रदायाने जितकी माणसे दारूपासून दूर नेली, तितकी कुठल्या सरकारी जाहिरातीने नेली नसतील. बंडातात्या कराडकरांचा व्यसनमुक्त युवक संघ त्याच परंपरेतला. किराणा मालाच्या मोठ्या दुकानांतून वाइन विकण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी घेतला, तेव्हा त्याविरुद्ध साताऱ्यात रस्त्यावर उतरलेल्यांत हे कीर्तनकार पुढे होते. माळेने माणसाला नवे सोबती मिळतात, संध्याकाळी जायला जागा मिळते, घरात पत परत मिळते. पुढच्या दोन वर्षांसाठी हे सारे अमोल आहे. पण पहिले पाच दिवस शरीर माळेचे ऐकत नाही. माळ घालणाऱ्या महाराजांनी ‘आधी डॉक्टरांना दाखवून ये, मग माळ घालू’ एवढे सांगितले, तर किती जीव वाचतील.

‘आडवी बाटली’चेही तसेच. २००८ सालच्या नियमानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दारूचे दुकान बंद होते. सातारा-सांगलीच्या बायकांनी हे हत्यार जिद्दीने वापरले आहे. मजुरी बुडवून, दुकानदाराची दमदाटी सोसून त्या रांगेत उभ्या राहिल्या. दुकान बंद झाल्याचा गुलाल उधळला जातो, पण त्याच गावात रोज सकाळी अंग कापणारे जे वीस-पंचवीस पुरुष असतात त्यांचे काय, हा प्रश्न कुणाच्या कार्यक्रमपत्रिकेवर नसतो. ते शेजारच्या गावी जातात, नाहीतर हातभट्टीकडे वळतात. ज्या आठवड्यात दुकान बंद होईल, त्याच आठवड्यात त्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात व्यसनउपचाराची ओपीडी लागली पाहिजे. हुकूम एका खात्याचा आणि दवाखाना दुसऱ्या खात्याचा, म्हणून ती लागत नाही. दारूचा परवाना उत्पादन शुल्क विभागाकडे, अमली पदार्थांचा गुन्हा गृह विभागाकडे, प्रबोधन आणि पुनर्वसन केंद्रांचे अनुदान सामाजिक न्यायाकडे आणि फिट आलेला रुग्ण आरोग्य विभागाकडे. माणूस एकच, पण त्याचे तुकडे चार टेबलांवर.

महाबळेश्वर-पाचगणीच्या याच डोंगरावर एका दुसऱ्या आजाराचा इतिहास उभा आहे. पाचगणीत १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम सुरू केले. तिकडे मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांच्या मिशनने क्षयरोग रुग्णालय उभारले; वॉन्लेसवाडीला त्यांचेच नाव आहे. त्या काळी क्षय हा घराण्याला लागलेला डाग होता. रोग लपवला जाई, त्यापायी सोयरीक मोडे, आणि ज्याला परवडेल तो महिनोन्‌महिने डोंगरावरच्या हवेत जाऊन राही. ज्याला परवडत नसे तो घरातच खोकत मरे. मग औषधे आली आणि १९५९मध्ये मद्रासच्या क्षयरोग केंद्राने एक साधी गोष्ट प्रयोगाने सिद्ध केली. रोज नेमाने औषध घेतले तर दाटीवाटीच्या गरीब घरात राहणारा रुग्णही आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो. पुढे जगभरची क्षयरोग आरोग्यधामे ओस पडली आणि उपचार रुग्णाच्या दारात आला. आज महाबळेश्वर तालुक्यातल्या एखाद्या दुर्गम वाडीवरही थुंकी तपासायची कुठे हे आशाताईला ठाऊक असते. औषध फुकट मिळते, पोषणासाठी पैसे खात्यात येतात, आणि गोळ्या चुकल्या तर कुणीतरी विचारायला येते.

व्यसनाचा उपचार अजून आरोग्यधामांच्याच काळात अडकला आहे. ‘व्यसनमुक्ती’ म्हटले की लोकांच्या मनात येते ते दूरच्या गावी महिनाभर राहायचे केंद्र. तेही नोकरी गेल्यावर, जमीन गहाण पडल्यावर, बायको माहेरी गेल्यावर. ज्याला जाता येत नाही, त्याच्यासाठी काही नाही.

या केंद्रांना कमी लेखण्याचा इथे हेतू नाही. महाराष्ट्रात व्यसनी माणसाकडे माणूस म्हणून पाहायला शिकवले ते अशाच एका केंद्राने. १९८०च्या दशकात ब्राउन शुगरने मुंबई-पुण्यातली तरुण पोरे गिळायला सुरुवात केली, तेव्हा अनिल अवचटांनी त्या जगात शिरून ‘गर्द’ लिहिले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केले आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी देणगी दिली. मारहाण नाही, अपमान नाही, आणि स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसेच पुढच्या रुग्णांचा हात धरणार, ही रीत तिथे रुजली. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ या व्यसनमुक्ती संस्थेची स्थापना केली आणि त्यांचे पुत्र, मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर यांनी ते काम पुढे नेले. अंधश्रद्धेविरुद्धचा लढा आणि व्यसनाविरुद्धचा लढा एकाच माणसाने हाती घ्यावा, हा योगायोग नव्हे. दारू सोडवण्याचे अंगारे, पुड्या आणि जाहिरातीतली ‘जेवणातून गुपचूप द्या’ असली औषधे यांचा बाजार दोन्हींच्या सीमेवरच भरतो. या गुपचूप पुडीत डायसल्फिरामसारखे औषध असेल आणि वर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

चांगल्या केंद्रांच्या पाठोपाठ वाईट केंद्रेही आली. रात्री जीप येते, चारजण हातपाय धरून माणसाला उचलतात आणि कुलूपबंद खोलीत टाकतात. घरच्यांनी पैसे भरलेले असतात, त्यामुळे तक्रार करायची कुणाकडे? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याबाबतीत स्पष्ट आहे. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. अशा रुग्णांना ठेवणाऱ्या केंद्राला नोंदणी सक्तीची आहे आणि साखळदंडाने बांधून ठेवायला पूर्ण मनाई आहे. घरच्यांनी केंद्रात पाय ठेवताना सर्वांत आधी नोंदणी प्रमाणपत्र मागावे. ते दाखवायला का-कू करणाऱ्या केंद्रातून तिथूनच परत फिरावे.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे, आणि केसपेपरचे कोडे तिथे उलगडते. शारीरिक आजाराला जसा विमा मिळतो तसाच मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे, असे ते कलम म्हणते. पण विमा नियामकाने २०१९मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित वगळणुकींत दारू, अमली पदार्थ किंवा कोणत्याही व्यसनावरचा उपचार आणि त्याचे परिणाम वगळण्याची मुभा आहे. म्हणजे एक कायदा ज्याला आजार म्हणतो, त्याला पॉलिसी आजार मानत नाही. परिणामी नातेवाईक डॉक्टरांचे पाय धरतात, ‘सायेब, दारूचं लिहू नका.’ दयाळू डॉक्टर लिहीत नाहीत. नोंद नाही म्हणून रुग्ण नाहीत, रुग्ण नाहीत म्हणून पद मंजूर नाही, पद नाही म्हणून उपचार नाहीत. हे चक्र कुणाच्या दुष्टपणाने फिरत नाही, सगळ्यांच्या सोयीने फिरते.

तालुक्याच्या पातळीवर काय करता येईल याचे उत्तर शेजारच्या गोव्यात मिळाले आहे. ‘संगाथ’ या संस्थेतल्या डॉ. अभिजीत नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. तपासणीला आलेल्या, पण घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना निवडले. समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हते, डॉक्टरही नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. जास्तीत जास्त चार बैठका. किती पितोस, का पितोस, कुठल्या प्रसंगी हात जातो, त्या वेळी दुसरे काय करता येईल, घरचे कोण मदत करेल, असे बोलणे. तीन महिन्यांनंतर नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी २६ टक्के जण घातक पिण्याच्या पातळीखाली आले होते. समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के. वर्षभरानंतरही हा फायदा टिकून होता. ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने हा प्रयोग छापला. दहा टक्क्यांचा फरक डोळे दिपवणारा नसेल, पण खर्च पाहता तो मोठा आहे. अगदी टोकाला गेलेल्या रुग्णांसाठी ही पद्धत पुरेशी नाही, पण त्या टोकाला जाण्याआधीच गाठ पडते हेच तिचे बळ. पंचवीस वर्षांचा वेटर आणि पंचेचाळिशीतला, किडे दिसणारा माणूस यांच्यामध्ये वीस वर्षे असतात. त्या वीस वर्षांत तो सर्दी-तापासाठी कितीतरी वेळा त्याच दवाखान्यात आलेला असतो.

आशाताई आजही घरोघरी जाऊन तिशीवरच्या लोकांचा एक फॉर्म भरतात. रक्तदाब-मधुमेहाच्या धोक्यासाठी असलेल्या त्या फॉर्ममध्ये तंबाखूबरोबर ‘रोज दारू घेता का’ हाही प्रश्न आहे. उत्तर ‘हो’ आले तर पुढे कुणाकडे पाठवायचे, हे तिला कुणीतरी सांगायला हवे.

दारूपुरताच हा विषय राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांच्या मेफेड्रॉन, म्हणजे एमडी, या अमली पदार्थाविरुद्धच्या कारवाईचे धागे सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत पोहोचले. पुढच्याच महिन्यात मुंबई गुन्हे शाखेने कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत छापा घालून शंभर किलोहून अधिक एमडी जप्त केले. जानेवारी २०२५मध्ये विट्याजवळ कार्वे औद्योगिक वसाहतीत आणखी एक कारखाना सापडला. द्राक्षे आणि डाळिंबांच्या पट्ट्यात हे घडते आहे. प्रत्येक छाप्याची बातमी किलो आणि कोटींत येते. ज्या पोरांनी ते ओढले त्यांची बातमी होत नाही. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, स्वतःहून उपचाराला पुढे येणाऱ्या व्यसनीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. हे कलम कॉलेजच्या फलकावर लागले पाहिजे, कारण पोराला दवाखान्यापेक्षा पोलिसांची भीती जास्त वाटते. दारू किंवा ब्राउन शुगरवर औषधे आहेत. एमडीवर खास असे औषध नाही. तिथे समुपदेशन, कुटुंब आणि वेळ हाच उपचार. म्हणजे तालुक्यात बसणारा समुपदेशक इथे अधिकच गरजेचा.

जुगाराची अवस्था सर्वांत बिकट, कारण तो अंगाला वास सोडत नाही. पूर्वी मटक्याची चिठ्ठी खिशात सापडे, पत्त्यांचा अड्डा गावाला माहीत असे. आता सगळे मोबाइलमध्ये. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, जाहिराती बंद झाल्या, आणि कायद्याने शिक्षा खेळणाऱ्याला नव्हे तर खेळ चालवणाऱ्याला ठेवली. हे शहाणपणाचे झाले. पण ज्याच्या डोक्यावर कर्जाचे हप्ते आहेत आणि ‘एकदा हरलेले परत काढतो’ हा विचार ज्याला रात्री झोपू देत नाही, त्याचा आजार अ‍ॅप बंद झाल्याने जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात जुगार हा व्यसनांच्याच पंक्तीत आहे. उपचारही आहे: विचारांची ती साखळी तोडायला शिकवणारे समुपदेशन, काही काळ पैशाचे व्यवहार घरातल्या दुसऱ्या माणसाकडे देणे, सगळे कर्ज एकदा कागदावर मांडणे आणि आत्महत्येचा विचार येतो का हे थेट विचारणे. यातले काहीही महागडे नाही. पण रम्मीत जमीन घालवलेला तरुण ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर काय सांगून केसपेपर काढणार?

पैशाचा प्रश्न पुढे केला जातो, म्हणून एक आकडा. जून २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले, तेव्हा त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज सरकारनेच सांगितला. सातारा-सांगली हा उसाचा पट्टा. मळीपासून मद्यार्क काढणारे कारखाने इथल्याच अर्थकारणाचा भाग. या दोन जिल्ह्यांनी दारूच्या महसुलात आणि दारूच्या दुःखात दोन्हीकडे आपला वाटा उचलला आहे. त्या जादा उत्पन्नाचा एक ठरलेला हिस्सा तालुक्याच्या उपचारासाठी राखून ठेवावा, ही मागणी अवाजवी नाही. सातारा जिल्ह्यात अकरा तालुके, सांगलीत दहा. प्रत्येक तालुक्याला एक प्रशिक्षित समुपदेशक, आठवड्यातून एक ठरलेला ओपीडीचा दिवस, आणि साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयातल्या किंवा मिरजेच्या शासकीय महाविद्यालयातल्या मनोविकारतज्ज्ञांशी व्हिडिओवर सल्लामसलत. जोडीला व्यसन सुटल्यानंतर वर्षभर फॉलोअप, कारण ‘स्लिप’ होणे, म्हणजे पुन्हा व्यसनाकडे वळणे, हा या आजाराचा भाग आहे. स्लिप झालेल्या माणसाला ‘तू फसवलेस’ म्हणून हाकलण्याऐवजी, रक्तातली साखर पुन्हा वाढलेल्या मधुमेह्याला जसे परत बोलावतात तसे बोलावले पाहिजे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगा फुकट असतात, नाव-गाव विचारत नाहीत. त्यांना ग्रामीण रुग्णालयात संध्याकाळी एक खोली दिली तर सरकारचा विजेखेरीज खर्च नाही.

हे होईपर्यंत घरातल्यांनी थांबू नये. १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलिमानस’चा आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक; दोन्हींवर फोन करायला पैसे पडत नाहीत आणि ‘टेलिमानस’वर मराठीतही बोलता येते. रोज पिणाऱ्याने अचानक थांबवली असेल आणि हात कापत असतील, तर रात्र काढायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना खरे काय ते सांगायचे. आणि सातारा-सांगलीच्या वाचकांनी आपल्या आमदारांना, जिल्हा परिषद सदस्यांना एक प्रश्न विचारावा: पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीच्या येत्या आराखड्यात आमच्या तालुक्याच्या रुग्णालयातल्या व्यसनउपचाराच्या ओपीडीसाठी किती रुपये धरले आहेत? उत्तर लेखी मागावे.